सॅक पाठीवर आली की चढावर दम का लागतो: तक्रारीनुसार तपासणी

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या किंवा रामशेज किल्ल्याची वाट रिकाम्या पाठीने सहज चढणारा माणूस मुक्कामाची सॅक घेऊन धोडप किल्ल्यावर जातो. पायथ्याचं हट्टी गाव मागे पडून पाऊण तास झाला की दर दहा पावलांना थांबायला लागतो, खांदे भरून येतात आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. मग महागडी नवी सॅक येते आणि पुढच्या ट्रेकला तीच रड. याचं कारण असं की दम, खांदे, तोल आणि गुडघे या चार वेगळ्या तक्रारी आहेत. चारींची मुळं वेगळी आहेत आणि नवी सॅक घेऊन त्यातली जेमतेम एक सुटते.

आधी काटा

"सात-आठ किलो असेल" असं जिच्याबद्दल सांगितलं जातं ती सॅक काट्यावर अकरा-बारा भरते. अंदाजात पाणी धरलेलं नसतं, आणि पायथ्याला गाडीतून उतरल्यावर वाटलेलं सामायिक सामानही नसतं: पातेलं, दोर, कांदे-बटाटे, कुणाचा तरी स्पीकर. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग सॅक घालून. दोन्हींची वजाबाकी म्हणजे सॅकचं वजन. लटकवायचा लगेज काटा असेल तर अधिक सोपं. वजन करताना पाणी भरलेलं आणि खाणं आत हवं, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

ढोबळ मर्यादा अशी की एका दिवसाच्या ट्रेकला शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास आणि मुक्कामाला २० टक्क्यांपर्यंत. ६० किलोच्या माणसाला ६ आणि १२ किलो. हा हिशोब सुटलेल्या पोटाला मात्र लावू नका. ९५ किलोच्या माणसातले २० किलो जर चरबीचे असतील तर तो एक सॅक आधीच वाहतो आहे. त्याने आपली मर्यादा ७५ किलोवर काढावी. उलट ४८ किलोच्या मुलीला "सगळ्यांना सारखं" म्हणून दोन किलोचं पातेलं आणि तंबूचा अर्धा भाग देणं हा न्याय नाही. सामायिक सामान माणशी सारखं न वाटता शरीराच्या वजनाच्या प्रमाणात वाटायचं.

चढावर दम लागतो

वजन, वेग आणि चढ यांचा श्रमांशी संबंध सांगणारं एक समीकरण पॅन्डॉल्फ, गिवोनी आणि गोल्डमन यांनी १९७७ साली मांडलं. सैनिकांच्या ओझ्याचा विचार करून ते बसवलेलं होतं. ते अगदी काटेकोर नाही, पण आपल्या कामाला पुरतं. ७० किलोचा माणूस, २० टक्के चढ (१०० मीटर पुढे गेलं की २० मीटर वर), थोडी झुडपी पायवाट आणि ताशी अडीच किलोमीटर वेग धरला, तर शरीराचा एकूण ऊर्जाखर्च असा येतो: सॅक नसताना ५७८ वॅट, ७ किलोला ६२७, १४ किलोला ६८०, २१ किलोला ७३७.

म्हणजे १४ किलोंनी खर्च साधारण साडेसतरा टक्क्यांनी वाढला. दुप्पट नाही की दीडपटही नाही. मग जीव एवढा का जातो? कारण रिकाम्या पाठीनेच तो माणूस आपल्या दमाच्या काठावर चालत होता. काठावरच्या माणसाला सतरा टक्के खूप होतात. श्वास अपुरा पडतो, पायाचे स्नायू जळजळायला लागतात, तो थांबतो, दम गोळा करतो आणि पुन्हा त्याच वेगाने निघतो. दहा पावलं, थांबा, दहा पावलं, थांबा. ही चाल हेच लक्षण.

आता तेच समीकरण उलटं फिरवा. १४ किलो पाठीवर असताना खर्च पुन्हा ५७८ वर आणायचा असेल तर वेग ताशी २.५ वरून २.१ किलोमीटर करावा लागतो, बस. उंचीच्या भाषेत सांगायचं तर तासाला ५०० मीटर चढणारा तासाला ४२० मीटर चढेल. ५०० मीटरच्या चढाला ११-१२ मिनिटं जास्त लागतील, आणि थांबून थांबून घालवलेली मिनिटं याहून कितीतरी जास्त असतात. त्याहून मजेदार हिशोब असा: या चढावर वेग ताशी फक्त १०० मीटरने कमी केला तर श्रमांचा दर जेवढा उतरतो, तेवढा उतरवायला सॅकमधून तीनेक किलो काढावे लागतील. वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा कापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

इथे "ताकद कमी पडते, जास्त खायला हवं" असा गैरसमज हमखास असतो. १ किलो वजन ५०० मीटर वर नेताना प्रत्यक्ष काम होतं ४.९ किलोज्यूल. स्नायू त्याच्या चौपट-पाचपट इंधन जाळतात असं धरलं तरी ते ५ किलोकॅलरींच्या आसपास जातं, म्हणजे तीन-चार मनुके. दहा किलोंना मूठभर मनुके पुरतात. एका सकाळच्या चढात इंधन संपत नाही, ते जाळण्याचा दर झेपत नाही.

वेग बरोबर आहे का हे बोलून कळतं. चढताना आठ-दहा शब्दांचं वाक्य मध्ये श्वास न घेता पूर्ण करता आलं तर ठीक. दोन-दोन शब्दांवर तुटत असेल तर वेग कमी करा, तिथल्या तिथे. पहिली वीस मिनिटं मुद्दाम कंटाळा येईल इतकं हळू चालायचं. गट सुरुवातीलाच फुटतो तो बहुतेक या वीस मिनिटांत, पुढच्या दोघांच्या उत्साहामुळे. लीडरने सगळ्यात जड सॅकवाल्याला पुढून दुसरा ठेवावा, म्हणजे वेग आपोआप त्याचा होतो.

पावलांची उंचीही पाहा. गुडघ्याएवढ्या दगडावर एका दमात चढणं म्हणजे शरीर अधिक सॅक असं सगळं वजन एका मांडीवर उचलणं. शेजारी अर्ध्या उंचीचा दगड असतो, तो घ्या आणि दोन पावलांत चढा. डोंगराची खडी सोंड (उतरत आलेली धार) लागली की पाऊल टाकल्यावर मागचा पाय क्षणभर पूर्ण सरळ ठेवायचा. तेवढा वेळ वजन हाडांवर राहतं आणि मांडीला विसावा मिळतो. दिसायला ही चाल म्हातारी वाटते, पण गावातली माणसं डोक्यावर मोळी घेऊन अशीच लयीत, न थांबता चढतात.

वेग उतरवूनही छातीत दाब, चक्कर किंवा कमी न होणारी धाप असेल तर ती सॅकची तक्रार नव्हे. तिथेच सावलीत बसवा, वर नेऊ नका, आणि खाली आल्यावर डॉक्टरांना दाखवा.

खांदे दुखतात, मान भरून येते

बहुतेकांची सॅक खांद्यांवर लटकत असते. ती कमरेवर बसायला हवी. कमरपट्टा शोभेचा नाही, बहुतेक वजन त्यानेच पेलायचं असतं. पट्टे लावण्याचा क्रम चुकला की चांगली सॅकही हमालाच्या पोत्यासारखी वागते.

सगळे पट्टे सैल करून सॅक घाला. आधी कमरपट्टा: बाजूला बोटांनी चाचपलं की कमरेच्या हाडाचं वरचं टोक लागतं, पट्ट्याची गादी त्या टोकावर मध्यभागी बसली पाहिजे. पोटावर नाही आणि खाली मांडीच्या सांध्यावरही नाही. तो घट्ट करा. मग खांद्याचे पट्टे खाली ओढा, पण ते खांद्याला नुसते चिकटेपर्यंतच. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या वरच्या भागाकडे जाणारे छोटे पट्टे ओढायचे. ते साधारण ४५ अंशांत तिरपे दिसले पाहिजेत. शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडाखाली चार बोटं, आणि मोठा श्वास घेता येईल इतपतच घट्ट.

तपासणी सोपी आहे. खांद्याचे पट्टे जरा ढिले करा. सॅक जागेवर राहिली तर वजन कमरेवर आहे. सर्रकन खाली घसरली तर कमरपट्टा सैल आहे, चुकीच्या जागी आहे किंवा तुमच्या कमरेला मोठा आहे. गादीची दोन्ही टोकं पुढे एकमेकांना भिडत असतील तर तो मोठाच, कितीही ओढलात तरी धरणार नाही. तासाभराच्या चालीने पट्टे सैल होतात आणि पाणी संपत गेलं की सॅकचा आकार बदलतो, म्हणून प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर हा क्रम पुन्हा करायचा.

एवढं करूनही खांदे दुखत असतील तर पाठीचं माप घ्या. मान पुढे वाकवल्यावर तळाशी जे हाड ठळक लागतं तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांची वरची टोकं जोडणाऱ्या रेषेपर्यंत, टेपने पाठीवरून. सॅकची पाठ या मापाला जुळायला हवी. माणसाच्या उंचीवरून सॅक घेणं चूक, कारण सारख्या उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात तर दुसऱ्याची पाठ.

कॉलेजच्या किंवा लॅपटॉपच्या बॅगेला वजन पेलणारा कमरपट्टा नसतो. तिच्यात पाच-सहा किलोंपर्यंत ठीक. तिच्यात आठ-नऊ किलो कोंबून खांद्यांची तक्रार करू नये.

बोटांना मुंग्या, मांडी बधिर

ही तक्रार लोक सांगत नाहीत, "थंडीने झालं असेल" म्हणून सोडून देतात. हाताच्या बोटांना मुंग्या येणं, पकड ढिली वाटणं म्हणजे खांद्याचा पट्टा काखेच्या वरच्या भागातून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब देतो आहे. वजन लगेच कमरेवर घ्या, पट्टे मानेच्या किंचित जवळ आणा, दर तासाला सॅक उतरवून पाच मिनिटं हात मोकळे करा. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर उलट कारण: कमरपट्टा फार आवळलेला, किंवा त्याच्याखाली जीन्सचा जाड पट्टा आणि खिशातला मोबाईल. बेल्ट काढा, खिसे रिकामे करा. रात्रभराच्या विश्रांतीनंतरही बधिरपणा किंवा हाताची कमजोरी राहिली तर पुढचा चढ रद्द करून डॉक्टर गाठायचा. कातळावर पकड नसलेला हात घेऊन जाणं धोक्याचं आहे.

सॅक मागे ओढते, तोल जातो

तीन लिटर पाणी सॅकच्या बाहेरच्या खिशात, पाठीपासून २५ सेंटिमीटर लांब ठेवलं, तर ते तुम्हाला मागे वाकवायला जेवढा जोर लावतं त्याच्या जेमतेम ४० टक्के जोर तेच पाणी पाठीला लागून, १० सेंटिमीटरवर ठेवल्यावर लावतं. वजन तेच. लांब ठेवलं की माणूस पुढे वाकतो, नजर पायाशी जाते, छाती आखडते आणि पाठीचा खालचा भाग दिवसभर ताणलेला राहतो. म्हणून तळाशी स्लीपिंग बॅगसारखं मऊ आणि हलकं, त्यावर पाठीला चिकटून पाणी, शिधा, भांडी असं जड सामान, बाहेरच्या बाजूला कपडे, वर रेनकोट आणि खाऊ. घसारा (सुट्या माती-दगडांचा घसरडा उतार) किंवा कातळ असेल तर जड सामान चार बोटं खाली, म्हणजे पाठीच्या मध्यापेक्षा किंचित खाली आणा. उंचावरचं वजन सपाटीवर बरं वाटतं, पण घसाऱ्यावर ते बाजूला फेकतं.

दोन्ही बाजूंच्या खिशांतलं पाणी एकाआड एक प्या. एका बाजूला भरलेली बाटली आणि दुसरीकडे रिकामी म्हणजे एका किलोचा तिरपेपणा, आणि कंबर त्याची भरपाई दिवसभर करत बसते. बाहेर लटकवलेले मग, चपला, मॅट सगळं आत घ्या नाहीतर घट्ट बांधा.

हरिहर गडावर हा मुद्दा वेगळ्याच तऱ्हेने भेटतो. तिथल्या कातळकोरीव पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, धरायला बाजूला खोबण्या आहेत. डोक्याच्या वर जाणारी सॅक असेल तर मान वर करून पुढची खोबण बघता येत नाही, टोपण डोक्याला आडवं येतं. पुढे कातळाच्या पोटातून वाकून जायचा टप्पा आहे, तिथे उंच सॅक छताला अडकते आणि माणूस दरीच्या बाजूला ढकलला जातो. अशा ठिकाणी सॅक डोक्याच्या पातळीखालीच हवी, लोंबणारे पट्टे खोचलेले हवेत. ट्रेकिंगच्या काठ्या घडी करून आत ठेवायच्या, दोन्ही हात मोकळे लागतात. आणि सगळ्यात बरं म्हणजे मुक्कामाचं सामान पायथ्याच्या घरी ठेवून छोटी सॅक घेऊन वर जाणं. घरमालकाला चहा-जेवणाचे पैसे द्या, तोही खूश राहतो. वाटेत झुडपामागे सॅक लपवण्याची कल्पना माकडांना फार आवडते.

उतरताना गुडघे

वर दिलेलं समीकरण उताराला लागू नाही. उतारावर दम लागत नाही, म्हणून लोक वेग वाढवतात, आणि तिथेच घात होतो. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू लांबत लांबत शरीर आणि सॅक यांचं वजन अडवत असतो. दुसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या रडतात त्या यामुळे. टाच आपटून, पाय सरळ ठेवून उतरलं की धक्का थेट गुडघ्यात जातो. गुडघा किंचित वाकलेला, पावलं लहान, उंच टप्प्यावर आडवं होऊन उतरणं, एवढं पाळा. काठ्या असतील तर चढताना कोपर काटकोनात येईल इतक्या आणि उतरताना ५ ते १० सेंटिमीटर लांब ठेवा.

उतरण्यापूर्वी वर पाणी मोजा. परतीला लागेल तेवढं ठेवून बाकीचं पिऊन टाका किंवा कुणाची बाटली रिकामी असेल त्याला द्या.

वजन खरोखर कुठे असतं

सॅक उपसून बसलं की चार ढीग होतात. पाणी, खाणं, झोपण्याचं सामान आणि "लागलं तर". शेवटच्या ढिगापासून सुरुवात करा. जाडजूड जीन्सची जास्तीची जोडी, दोन टॉवेल, २०,००० एमएएचची पॉवर बँक (४०० ग्रॅमच्या आसपास, १०,०००ची अर्ध्या वजनात येते आणि एका रात्रीला पुरते), प्रत्येकाकडे वेगळं औषधांचं पाकीट. लिटरची थर्माससारखी स्टीलची बाटली रिकामीच अर्धा किलोच्या घरात जाते. साधी पाण्याची प्लॅस्टिक बाटली ३० ग्रॅमही नसते. तीन बाटल्या बदलल्या की किलोभर सुटतं आणि झोपायला काही कमी पडत नाही.

खाण्यात पाणी वाहून नेऊ नका. नाशिकचा माणूस फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांची पेटी घेऊन गडावर जातो हे समजू शकतं, पण १०० ग्रॅम द्राक्षांत जेमतेम ७० किलोकॅलरी, तेवढ्याच मनुक्यांत ३०० आणि शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, मुक्कामाला तांदूळ-डाळीची खिचडी. कोरडा शिधा दिवसाला माणशी ६००-७०० ग्रॅम पुरतो. द्राक्षं पायथ्याला, गाडीत.

पाणी कमी करून सॅक हलकी करायची नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. एका दिवसाला तीन-चार लिटर लागतं आणि ते तीन-चार किलो आहेत, वाद नाही. वाचवायचं असेल तर पहाटे लवकर निघा, म्हणजे घाम कमी जाईल. गडावर टाकं असलं तरी एप्रिल-मे महिन्यात त्यात पाणी आहे का, हे पायथ्याच्या गावात विचारूनच भरवसा ठेवा, आणि ते गाळून-उकळून प्या.

बूट या हिशोबात कुणी धरत नाही. पायातला १ किलो श्रमांच्या दृष्टीने पाठीवरच्या साधारण ५ किलोंसारखा वागतो, कारण तो प्रत्येक पावलाला उचलावा आणि झुलवावा लागतो. एका दिवसाच्या साध्या वाटेला घोट्याच्या वर येणारे जड बूट घालण्यापेक्षा चांगल्या पकडीचे हलके बूट बरे.

पावसात सॅक जड होते

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या पावसात रेनकव्हर पुरत नाही. पाणी पाठीच्या बाजूने शिरतं, कव्हरच्या तळाशी साचतं आणि गादी, पट्टे, कपडे ते पीत राहतात. कव्हर ठेवा, पण आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून बांधा. दर तासाला कव्हरचा तळ उचलून पाणी ओता. सुती कपडे नकोत, भिजलेली जीन्स मांडीला चिकटून प्रत्येक पावलाला अडवते.

सराव

ट्रेकच्या आधी सहा आठवडे हवेत. आठवड्यातून दोन-तीनदा पांडवलेणी, चामरलेणी किंवा कुठलाही लांब जिना. पहिल्या आठवड्यात ट्रेकच्या वजनाच्या निम्मं, मग दर आठवड्याला एक-दीड किलोने वाढ, शेवटच्या आठवड्यात पुन्हा निम्मं. ट्रेकला नेणार तीच सॅक, तेच बूट, त्याच पट्ट्यांच्या क्रमाने. वजन म्हणून डंबेल किंवा विटा घालू नका, त्या तळाशी जातात आणि पाठीला टोचतात. पाण्याच्या बाटल्या घाला, कापडात गुंडाळून पाठीला लावा, आणि वर पोचल्यावर पाणी झाडांना ओतून रिकाम्या सॅकने उतरा. चढाचा सराव पूर्ण होतो आणि गुडघे ट्रेकसाठी शाबूत राहतात. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र एकेकदा भरल्या सॅकने सावकाश उतरायचं, मांड्यांना त्याचीही सवय लागते.